वहिनीच्या पट्टीतली वाद्यं

सरस्वतीपूजेच्या दुपारी वहिनीचा फोन आला. "हे जेवून निजले, ते उठत नाहींत. तूं ये." ओरत्तनाडूहून तंजावूरची बस पकडून मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. देवघरात मात्र सकाळची पूजा तशीच होती, आणि देवीपुढे अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, स्वतः केलेली वाद्यं मांडून ठेवली होती.

अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झाला, पण हात कधी रिकामे नाहीत. नारळाची करवंटी, बिस्किटांचा डबा, वीणा करणाऱ्यांकडून मागून आणलेला फणसाच्या लाकडाचा तुकडा, सायकलच्या ब्रेकची तार... दिसायला एकेक ध्यान. "हे वाद्य की उंदराचा सापळा?" मी विचारायची. तो म्हणायचा, "वाजल्यावर बोल." आणि वाजायची, हेही खरं. फक्त एकाचा सूर दुसऱ्याशी जुळायचा नाही. माझी समजूत अशी की, याला कानच नाही. पण तो प्रत्येक वाद्य वहिनीच्या आवाजात लावायचा. तिला स्वयंपाकघरातून बोलावून 'सा' धरायला लावायचा आणि खुंटी पिळत बसायचा. वयानं तिचा आवाज उतरत गेला, तशी नवी वाद्यंही खालच्या पट्टीत गेली. जुनी मात्र तो तिच्या जुन्याच आवाजात राखायचा.

आमच्याकडे पूजेत ठेवलेलं वाद्य दुसऱ्या दिवशी उचलून थोडं तरी वाजवायचं असतं, तोवर त्याला हात लावायचा नाही. यंदा दुसऱ्या दिवशी सुतक होतं. ते फिटल्यावर नातलग म्हणाले, वर्षभर सण नाही, पुढच्या नवरात्रात उचला. त्यांना कॉफी देऊन देऊन मी कंटाळले. इथल्या दमट हवेत वर्षभरात तारा गंजून तुटतील, हे कुणाच्या डोक्यात येईना. वहिनीच्या येत होतं. ती रोज देवघराच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. मीही दमले होते, भांडायचं त्राण नव्हतं.

परवा तीच म्हणाली, "तूं उचल. मला होईना."

मी पूजा उठवायच्या रीतीप्रमाणे देवीची तसबीर जराशी उत्तरेकडे सरकवली आणि अण्णानं शेवटी केलेलं वाद्य उचललं. इतक्या आठवड्यांत तार पार सैल पडली होती. मी खुंटीला हात घातला.

"पिळू नको," वहिनी म्हणाली. "असूंदे."

ती माझ्याशेजारी खाली बसली. मी तार छेडली. तिनं 'सा' लावला, तो तारेच्या वर राहिला. तिनं आवाज खाली नेला. मग आणखी खाली, घोगरा होईपर्यंत, आणि तारेला मिळाल्यावर तो तिथेच धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही... मला गाता येत नाही. मी तार छेडत राहिले.