तिच्या वाटची भाकर

सत्तर सालाच्या आसपास मी धुळ्यात शाळेत शिकवत होते. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. दर शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना एकेकीच्या घरी असे. सतरंजीवर गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि जिला सुचेल तिनं मोठ्यानं प्रार्थना करायची. मला फार सुचायचं. मी सुरू झाले की घरची बाई चहाचं आधण उतरवून ठेवते, अशी माझी थट्टा व्हायची. मला ती आवडायची, खोटं कशाला सांगू?

मंडळीतली अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. अमळनेरकडच्या खेड्यातली, इथे दवाखान्यात दाई होती. आदल्या वर्षी तिचा तरणा मुलगा तापानं गेला. एका संध्याकाळी माझ्याकडे शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं, तेव्हापासून तिच्यानं प्रार्थना होत नाही. सभेत ती नुसते ओठ हलवते. "कोनले सांगू नको," एवढंच वर म्हणाली.

मी कुणालाही सांगितलं नाही. देवाला सांगितलं. फक्त ते शुक्रवारी, मोठ्यानं, सगळ्या बायकांमध्ये. "प्रभू, आमच्या अक्काचे ओठ हलतात, पण मन कोरडं पडलंय, तिचा विश्वास तिला परत दे." आमेन म्हणून डोळे उघडले तर अक्काची जागा रिकामी होती. बाकीच्या बायका माझ्याकडे न बघता पदर सारखे करत होत्या.

नंतरचे नऊ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आधी तिचाच राग आला. मी काय वाईट केलं, प्रार्थनाच केली ना? मग लाज वाटायला लागली, आणि ती काही जाईना. दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. वर्गात एका मुलीला पाढा चुकला म्हणून इतकी बोलले की ती रडली. पुढच्या शुक्रवारी अक्का आली नाही. माझ्यामुळे ती मंडळीतूनच तुटली तर, या विचारानं रात्रभर कूस बदलत राहिले.

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा; येशूच्या आठवणीत सगळ्या मंडळीनं एकाच भाकरीचे तुकडे वाटून खायचे. बहिणीच्या मनात आपल्याबद्दल काही असेल तर आधी तिच्याशी समेट करायचा, मगच भाकर घ्यायची, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. अक्का आली आणि चक्क माझ्या शेजारी बसली. मी जरा सावरले. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आलं. तिनं काही न घेता ते माझ्याकडे सरकवलं. म्हणजे हिनं मला क्षमा केलेली नाही, असं मी धरलं, आणि मीही ताट तसंच पुढे दिलं.

बाहेर आल्यावर तिनं माझं कोपर धरलं.

"तू काब्र नही लिधी?"

"का नाही घेतली? तुझ्या मनात माझ्याबद्दल राग आहे ना, अक्का."

"राग तर शेच. तुले सांगेल व्हतं, बठ्ठ्या बायासले नही." तिनं माझं कोपर सोडलं नव्हतं. "पन माले आते लेता येत नही. मन्हा वाटानी तू लेशी म्हनीसन मी उनू. तू बी सोडी दिधी."

तिला घेता येत नव्हती, तिच्या वाटची मी घेईन एवढ्यासाठी ती आली होती, आणि मीही सोडून दिली होती. मी क्षमा मागायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"बोलू नको. पुढला खेपले ले."

वर्षानुवर्षं मी सहभागितेवर, एकमेकींचा भार वाहण्यावर, घडाघडा बोलत आले होते. माझ्या एका घासावर दुसरं कुणी टिकून आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं. तो महिना मी कसाबसा काढला.

पुढच्या प्रभुभोजनाला अक्का पुन्हा शेजारी होती. ताट आलं. तिनं स्वतः काही न घेता ते माझ्या हातात दिलं, आणि मी तुकडा उचलून तोंडात घालेपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत राहिली.