नाल्याकाठचा मार

वर्ध्याजवळच्या सेलूच्या पुढे, कापडाला रंग देणाऱ्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. कारखान्याचं पाणी शुद्ध करूनच मागच्या नाल्यात सोडायचं, असा नियम. त्या पाण्यात आम्ल किती, हे मोजायला तिथं पीएच मीटर होता, पण त्याची केबल सारखी तुटायची. उंदीर कुरतडतात, असं शुद्धीकरण सांभाळणाऱ्या ठेकेदाराची माणसं सांगायची. उंदीर केबल इतकी सरळ कापत नाहीत. शेवटी साहेबांनाही ते पटलं आणि त्यांनी बिनतारी मीटर मागवला.

मी तो नाल्याकाठच्या खांबावर बसवत होते, तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. धिप्पाड माणूस, बोलायला गोड.

"मॅडम, कायले मेहनत करून राह्यल्या? हेबी बिघडनच."

"याले वायरच नाई, भाऊ. तुटाले काई उरलं नाई."

तो हसला आणि शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे गेला.

कम्युनिकेटर म्हणजे जाड रबरी कवचाचं, विटेएवढं जड यंत्र. त्याचे दोन चिमटे मीटरच्या आतल्या स्क्रूंना लावले की मीटरची सगळी माहिती त्याच्या पडद्यावर येते. मी प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात सोडायची कांडी, आधी पीएच सातच्या द्रावणात बुडवला, डिस्टिल्ड पाण्यानं धुतला, मग चारच्या द्रावणात बुडवून दोन्ही आकडे पक्के केले. नेटवर्कचा क्रमांक भरला, चावी म्हणजे त्याचा पासवर्ड भरला. जोडणी होईना. पाहिलं तर चावीतलं एक अक्षर चुकलं होतं. ते सुधारून वाट बघत बसले. थोड्या वेळानं कंट्रोल रूममधून फोन आला, "दिसून राह्यला तुमचा मीटर."

प्रोब नाल्याकडे पाणी नेणाऱ्या पाटात सोडला. सातच्या आसपास आकडा स्थिर झाला. मग उतरायला लागला, म्हणजे पाण्यातलं आम्ल वाढायला लागलं. सहा. साडेचार. तीन. अडीच. पाटातून नाकाला झोंबणारा वास आला. मीटर सुरू व्हायला अजून वेळ आहे, असं धरून ठेकेदाराच्या माणसांनी रोजच्यासारखं कच्चं पाणी टाक्या टाळून आडपाइपानं सोडून दिलं होतं. हे मला नंतर कळलं.

मी आकड्याकडेच बघत होते, म्हणून नाल्यातून वर चढलेला माणूस मला दिसला नाही. पलीकडच्या वस्तीतला म्हशीवाला होता. त्याच्या मागे म्हैस होती, तिच्या सडांची कातडी सोलून निघाली होती. हातातली उभारी, बैलगाडीचा जाड दांडा, त्यानं सरळ मीटरवर घातली. अँटेना वाकली. मी मीटरचा डबा धरायला हात पुढे केला आणि दुसरा घाव माझ्या मनगटावर बसला. काडी मोडावी तसा आवाज मला माझ्याच हातातून ऐकू आला.

"आमच्या जनावराईले मारता का?" तो ओरडला.

तेवढ्यात सुपरवायझर लोखंडी नळी घेऊन धावत आला. क्षणभर मला हायसं वाटलं. पहिला फटका त्यानं म्हशीवाल्याच्या खांद्यावर मारला, दुसरा डोक्यावर. म्हशीवाला पाटाच्या काठावर कोसळला. तिथंच थांबायला हवं होतं. सुपरवायझरनं त्याच्या मानेवर बूट ठेवला आणि तोंड पाण्यात दाबलं. त्या अडीचच्या पाण्यात. म्हशीवाल्याचे हात चिखल खरवडत होते.

"सोडा त्याले, मरन तो," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी डाव्या हातानं कम्युनिकेटर उचलला आणि त्याच्या कानावर हाणला. चिमटे तुटून पडले. तो धडपडला, वळला आणि नळी माझ्यावर उगारली. मी खाली बसले. नळी खांबावर आदळली. पुढचा फटका चुकवायला मला जागाच नव्हती, पण मागून दोन गार्ड आले आणि त्यांनी त्याला पाडलं. मीटरचा आकडा पडताच कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला होता, म्हणून साहेबांनी त्यांना पाठवलं होतं.

मी म्हशीवाल्याला ओढून बाहेर काढलं. बाटलीतलं उरलेलं डिस्टिल्ड पाणी त्याच्या डोळ्यांत ओतलं, मग गार्डनं होज आणला. त्याच्या एका डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं होतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात साहेब मला भेटायला आले. "म्हशीवाला पळता पळता घसरला, असं सांगू या. कारखान्याचं नाव खराब होईल."

मी पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं. मी सुपरवायझरला मारलं, तेही. साहेब नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. सुपरवायझरवर खटला उभा राहिला, ठेकेदाराचं काम गेलं.

हाताला प्लास्टर घेऊन मी म्हशीवाल्याच्या खाटेजवळ गेले. त्याचा एक डोळा बांधलेला होता.

"बाई, तुमाले मारायचं नोतं," तो म्हणाला. "मले वाटलं, तो डब्बाच तेजाब सोडते."

"डब्बा सोडत नाई, भाऊ. फक्त सांगते."

"कोनाले सांगते?"

"आतल्या ऑफिसले."

"अन् आमाले कोन सांगन?"

त्याच्या बायकोनं मला स्टूल दिलं. मी बसले. म्हैस मेल्याचं तिनंच सांगितलं.