दुसऱ्या सीटवरचा छापा

जिजींचा कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, सोनारावर नव्हता, पंचांगावरसुद्धा नव्हता. आज अमावस्या आहे असं भटजींनी सांगितलं, तरी त्या संध्याकाळी अंगणात येऊन एकदा आभाळ बघून घ्यायच्या. मी लग्न होऊन अमरावतीहून डोणगावला आले, तेव्हा माझ्या या थोरल्या जाऊबाईंनी मला जवळ बसवलं, हनुवटी वर करून नीट न्याहाळलं आणि विचारलं, "दाखवली होती, तेच हायेस ना वं तू?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली खरी, पण पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याकडे तिरप्या नजरेनंच बघत होत्या.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा आणि आमच्या घराचा जिजींकडून. घरात गोशा होता. बाईमाणसानं बाहेर जायचं म्हणजे पडदे लावलेल्या दमणीतून. लग्नाला इतकी वर्षं होऊन जिजींनी जग पाहिलं ते त्या पडद्याच्या फटीतून. त्यात एका बैलाचं शेपूट आणि हाकणाऱ्या करीमचाचांची पाठ याशिवाय फारसं काही दिसत नसे.

अशा घरात माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे दादासाहेबांनी, मोटार आणली. तीही साधीसुधी नाही, इटलीची. कुठल्याशा संस्थानिकाच्या मुलाला ती नकोशी झाली होती. मलकापूरला ती मालगाडीतून उतरली, तेव्हा म्हणे स्टेशनवर जत्रा लोटली होती. लालभडक रंग, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, नाक पुढे लांबलचक. चालू झाली की गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला बघत. वर टप नाही. कापडाचा होता, तो दादासाहेबांनी पहिल्याच दिवशी काढून माळ्यावर टाकला. आणि बसायला जागा दोनच.

सगळं गाव गाडीचा वेग बघत होतं. जिजींनी खिडकीच्या जाळीतून सीटा मोजल्या.

"दोनच शिटा हायेत," त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या. "एक याहिची. दुसरी कोनाची?"

"तुमचीच असेल की, जिजी."

"माही? गोशातली बाई उघड्या मोटारीत बसन? म्हनून तर टप काढून फेकला! मले काय कळत नाही?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मला छातीठोकपणे सांगता येईना. दादासाहेब आठवड्यातून दोनदा चिखलीला जायचे, एकटे जायचे, आणि येताना खुशीत असायचे. माणूस खुशीत असला की जिजींना हमखास काहीतरी शिजत असल्याचा वास येई.

मग तपास सुरू झाला. पुरुषमंडळी शेतावर गेली की मागच्या आवारातल्या बग्गीखान्यात आम्ही दोघी शिरायचो. जिजी त्या दुसऱ्या सीटचं कातडं हुंगायच्या, गजऱ्याची पाकळी शोधायच्या, बोट फिरवून कुंकू लागतंय का बघायच्या. मिळायची ती नुसती धूळ. त्यावरही त्यांचं म्हणणं तयार होतं, "लईच हुशार दिसते वं. मागं काहीच ठेवत नाही."

शेवटी त्यांनी खळ्यावरची युक्ती काढली. आमच्याकडे ज्वारीची रास तयार झाली की ती घरी येईपर्यंत तिच्यावर राखेचे छापे मारतात. लाकडी ठसा राखेत बुडवायचा आणि राशीवर जागोजाग उठवायचा. कोणी पसाभर ज्वारी उपसली तरी छापा मोडतो आणि चोरी उघडी पडते. जिजींनी तोच ठसा आणून त्या इटालियन कातड्यावर पांढराशुभ्र छापा उठवला. मला हसू आवरेना. त्यांनी मात्र छापा पुसट उठला म्हणून पुसून तो पुन्हा नीट उठवला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या बाईला गंमत चाललेली नाही. त्या सीटवर कोण बसतं, यावर तिचा सगळा संसार टांगलेला होता.

त्या दिवशी दादासाहेब चिखलीहून परतले. छापा मोडलेला होता.

जिजी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येक बाईची पाठ त्यांनी काही ना काही निमित्तानं बघून घेतली. कासारीण झाली, शिंपीण झाली, चुलत सासूबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. राख कोणाच्याच लुगड्याला नव्हती. तिसऱ्या प्रहरी त्यांनी मला माजघरात हाक मारली. खुंटीवरचा दादासाहेबांचा काळा कोट त्यांनी उलटा धरला होता. पाठीच्या खालच्या अंगाला, धुळीतही ओळखू येईल असा, ठशाचा अर्धा गोल उमटला होता.

"हे सोताच बसले होते तिथं," त्या म्हणाल्या.

"मग गाडी कोणी चालवली?"

जिजी कोट उजेडात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "ते जाऊ दे. एवढा पांढराधोप छापा. डोळे असते तं मानूस झटकून बसला नसता काय वं?"

त्या संध्याकाळी पान वाढताना जिजींनी लोणचं डावीकडे न वाढता उजवीकडे वाढलं. दादासाहेबांचा हात नेहमीच्या जागी गेला, ताटाच्या रिकाम्या कडेवर चाचपडला आणि गुपचूप मागे आला. "आज लोणचं नाही वाटतं," ते म्हणाले. जिजींनी वाटी हातात दिली आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या.

करीमचाचांना पडद्याआडून विचारलं, तेव्हा ते आधी ताकास तूर लागू देईनात. मग त्यांचा बांध फुटला. "बाईजी, मालकाहिनं कसम घातली होती. सहा महिने झाले, त्याहिले धूसर दिसून राह्यलं. गावातून गाडी तेच काढत. वेशीबाहेर दर्ग्यापाशी मी बसाचो चालवाले, त्याहिनंच शिकवलं होतं." गाव संपेपर्यंत सारखा हॉर्न का वाजायचा, ते आता उलगडलं. आम्ही त्याला रुबाब समजत होतो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि उशीर झाला, असंही सांगितलं. जिजींचा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही. त्यांनी आणखी दोघांना दाखवायला लावलं. तिघांचं म्हणणं एकच पडलं, आणि वर्षाच्या आत दादासाहेबांना अंधार झाला.

त्यानंतर एका संध्याकाळी मी बग्गीखान्याकडे गेले आणि दारातच थबकले. आवाराचं फाटक बंद होतं, गडीमाणसं बाहेर पाठवलेली होती. दादासाहेब चाकावर हात ठेवून गाडीत बसले होते. शेजारच्या सीटवर डोक्यावरून पदर घेतलेल्या जिजी होत्या. गाडी जागची हलत नव्हती. दादासाहेब रस्ता सांगत होते. मेहकरचा नदीवरचा पूल, पुढे वाकडी चिंच, मग काळ्या रानातली एकटी विहीर. ज्याला दिसत नव्हतं तो दाखवत होता, आणि जिला कधी बघूच दिलं नव्हतं ती बघत होती.

"आता चिखलीच्या अलीकडं उतार लागते," ते म्हणाले. "दोन्ही अंगानं पळसच पळस. फाल्गुनात नुसता जाळ."

"खरंच हाय, का मले बनवून राह्यले?"

"तुह्यासाठीच ते शीट होतं. टप काढला तो तुले सगळं दिसावं म्हनून. वाटलं होतं, एक दिवस म्हनशीन, चला, जाऊ द्या तो गोशा."

"तोंडानं बोलाले काय झालं होतं?"

"तू खरं मानलं असतं?"

मी पाय न वाजवता परत फिरले. पुढे दादासाहेब गेले तोपर्यंत हा प्रवास बहुतेक रोज चाले. नंतर गाडी विकली गेली. ती फाटकाबाहेर जाताना जिजी ओसरीवर आल्या नाहीत.

काही वर्षांनी गोशा सैल झाला, म्हणजे जिजींनीच तो सैल केला. एका फाल्गुनात प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही दोघी चिखलीला निघालो. त्या खिडकीशी बसल्या आणि राशीवरचे छापे तपासावेत तशा एकेक खूण तपासत गेल्या. पूल होता. वाकडी चिंच होती. विहीर होती. उतार लागला. दोन्ही अंगांना उघडं माळरान, आणि त्यात फुललेला पळस एकच.

आता "मले वाटलंच होतं" हे ऐकू येणार, म्हणून मी वाट बघत राहिले. जिजी मागे जाणाऱ्या त्या झाडाकडे मान वळवून बघत होत्या.

"तोडले असतीन कोनी," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही सांगत."

घरी आल्यावर मी माझ्या यजमानांना विचारलं. ते म्हणाले, त्या उतारावर पहिल्यापासून एकच पळस आहे. मी ते जिजींना कधी सांगितलं नाही. पण त्यांना ते तिथंच, खिडकीतच कळलं होतं, असा मला अजून संशय आहे.