गच्चीवरच्या टबाचं एस्टिमेट
इलाहीबक्ष शेख सोलापुरातला जुना वायरमन. लोकांची मोठमोठी घरं उजळून दिली, कधी कुणाचा हेवा वाटला नाही. पण होटगी रोडवरच्या चनबसप्पाच्या नव्या बंगल्यात पाऊल टाकलं आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. दोघं आयटीआयला एका बाकावर बसलेले, एका डब्यात जेवलेले. चनबसप्पा मधेच शिक्षण सोडून टॉवेलच्या धंद्यात पडला आणि बघता बघता वर गेला.

"आईचे गुडघे लई दुखत्यात. गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवतोय," चनबसप्पा म्हणाला. "वरपर्यंत लाइन न्यायला किती खर्च येईल, सांग की."

टब कसला, हौदच तो! इलाहीच्या घरी नळाला पाचव्या दिवशी पाणी. त्याची बायको बिस्मिल्ला ते पिंपात भरून पुरवून पुरवून वापरायची. इथं मात्र पाण्यात नुसतं बसायचं!

मीटरपासून गच्चीपर्यंत जाड केबल, वेगळा बोर्ड, करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर, अर्थिंगचा खड्डा. मजुरी धरून पंचेचाळीस हजारांत काम बसत होतं. इलाहीनं सत्तर लिहून दिले. ह्याला काय कमी हाय?

पुढच्या आठवड्यात चनबसप्पाचा फोन आला. "आणखी दोघांना विचारलं, इलाही. तुझं सगळ्यांत महाग. पण आई पाण्यात बसणार, मला दुसऱ्याचा भरवसा न्हाय. तूच कर."

इलाहीला लाज वाटायला हवी होती. उलट तो जास्तच जळला. चांगुलपणासुद्धा ह्यालाच परवडतो! तो तडक बंगल्यावर गेला.

"केबलचं माप चुकलं माझं. पंचेचाळीसात हुतंय," म्हणाला. इमानदारी कसली? चनबसप्पाचे उपकार अंगावर नको होते, एवढंच.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. टब सुरू झाला त्या सकाळी म्हातारी लुगडं सावरत पाण्यात उतरली आणि डोळे मिटून खुदकन हसली. इलाहीलाही हसू आलं. तेवढ्यात चनबसप्पानं पाहुण्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हा माझा दोस्त!" तो हात इलाहीला सोसवेना. चहा न घेताच तो जिना उतरला.

दोस्ती तुटली नाही. फक्त आता चनबसप्पाचा फोन आला की इलाही तो जरा वाजू देतो, मग उचलतो.