शंभर भागिले आठ

शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा. हा भागाकार मी इतक्या दारांत उभा राहून केला आहे की समोरच्याने मोबाईल पुढे धरला तरी मला आधीच थकवा येतो.

इंटरनेटच्या तारेतून जे वाहतं ते बिटमध्ये मोजतात. फाईल मात्र बाइटमध्ये मोजली जाते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून शंभर मेगाबिटची लाईन घेतलेल्या माणसाने सिनेमा उतरवायला लावला की पडद्यावर सेकंदाला बारा मेगाबाइट दिसतात. लोक दोन्हींना एमबीच म्हणतात. शंभर सांगितले, बारा दिले, बाकीचे या माणसाने खाल्ले, एवढंच त्यांना कळतं. हे माप मी ठरवलेलं नाही. मी ज्यांच्याकडून घाऊक लाईन घेतो तेही बिटातच मोजून देतात. शिव्या मात्र माझ्या दारात येतात.

माझे आईवडील पाथर्डीकडचे, दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. ट्रॉली काट्यावर चढली की वडील खाली उभे राहून आकडा बघायचे. काटा कारखान्याचा, बघून काही उपयोग नाही हेही त्यांना ठाऊक असायचं. मी शहरात, सावेडीत बंगल्यांच्या गच्च्यांवर केबलच्या तारा ओढत धंद्यात आलो. पुढे नागापूरच्या वर्कशॉपना लाईन दिली, मग कर्जतच्या बाजूला गेलो. समोरच्याने सांगितलेल्या भावाने मी आजवर काही घेतलेलं नाही. भावासाठी भांडतो, पण मापात मारत नाही. एवढी एकच गोष्ट मी वडिलांच्या नावाने पाळली.

सासरवाडी कर्जत तालुक्यात. तिथे लाईन न्यायला खांबही नव्हते. बांधाबांधाला विनवण्या करून, लिंबाच्या झाडांवरून तार नेली, ती मेहुण्यासाठी. गावात त्याचं दूध संकलन केंद्र आहे.

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा दुधाची रांग लागलेली होती. मेहुण्याने रांगेसमोरच मोबाईल पुढे केला.

"दाजी, शंभर म्हनला व्हता ना तुमी?"

"शंभरच आहे."

"मग ह्ये बारा कुठलं?"

मी आठाचा भागाकार सांगितला. रांगेतला एक म्हातारा कॅन खाली ठेवत म्हणाला, "जावई मानूस हाय. मानपान कापून घेत आसंल."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मेहुणा म्हणाला, "दाजी, कडता भाईरच्यांकडनं घ्या. सासरवाडीला तरी सोडा."

बाजारात व्यापारी गोणीमागे थोडं वजन कापून घ्यायचे, त्याला आमच्याकडे कडता म्हणतात. माझ्या वडिलांचा जन्म असल्या कापाकापीत गेला. शहरात कुणी चोर म्हटलं तर दुसरं गिऱ्हाईक मिळतं. दुसरी सासरवाडी मिळत नाही. माझं डोकं फिरलं.

"तुझ्या काट्यावर दूध किलोत चढतं ना?" मी म्हणालो. "आणि पावतीवर लिटर येतात. दहा किलो चढलं तर दहा लिटर येतात का?"

"न्हाई. थोडं कमी. दूध पान्यापेक्षा जड आसतंय."

"मग तो कडता झाला का? माप बदललं, दूध तेवढंच. माझंही तेच आहे."

मुद्दा बिनतोड होता. मला क्षणभर बरं वाटलं. मग म्हाताऱ्याने खाली ठेवलेला कॅन पुन्हा उचलला.

"थांब," तो मेहुण्याला म्हणाला. "कमी येतंय म्हंजे?"

"तसं न्हाई, तात्या. लिटर येगळा, किलो येगळा."

"आत्ताच तूच म्हनला की कमी येतंय."

मागून कुणीतरी बोललं, "दाजी आन मेहुना, दोगांचा धंदा येकच की."

या वेळी कुणी हसलं नाही. मेहुणा काटा दाखवत होता, समजावत होता. तीनचार जण कॅन घेऊन गावातल्या दुसऱ्या केंद्राकडे निघालेसुद्धा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "खरं होतं, तर घरात बोलायचं. रांगेत कशाला?" त्याने मला रांगेत काय म्हटलं, हे तिने विचारलं नाही. तिचा तो भाऊ आहे.

पुढच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. दाजी, लाईन बंद करा. बाकी काही नाही.

लाईनची पेटी काढायला मी स्वतः गेलो. भिंतीवर दुसऱ्याची पेटी लागलेली होती. तीही शंभरचीच, आणि मेहुण्याच्या मोबाईलवर आताही बाराच दिसत असणार. मी विचारलं नाही. काट्याच्या वर एक नवी पाटी होती, रंगाने लिहिलेली: एक लिटर दूध म्हणजे एक किलो आणि वर तीस ग्रॅम.

मी तार गुंडाळत होतो. मेहुणा जवळ येऊन उभा राहिला.

"रोज सांगतो, दाजी. सकाळी सांगतो, सांच्याला सांगतो. पाटी वाचून दाखवतो. कुनाला पटत न्हाई."

त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी दारोदार तोच वापरतो.

"आठच का वो पन?" त्याने विचारलं. "धा का न्हाई?"

एवढ्या दिवसांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. सांगता आलं असतं. पण कडता हा शब्द त्याने अजून परत घेतलेला नव्हता, आणि माझ्या अंगात त्राणही नव्हतं.

"नव्या माणसाला विचार," मी म्हणालो.

त्याने आत जाऊन चहा सांगितला. मी उभ्यानेच घेतला. निघताना तो म्हणाला, तेवढी तार ऱ्हाऊ द्या, दोडक्याचा येल चढवायचाय. मी भाव न करता ठेवून आलो.