स्टुलावरची सासू

अर्धा तास डाव्या कुशीवर पडूनही सुनंदाची नाडी एकशे दहाच्या खाली येईना. सातवा महिना होता. दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी जाणार होती.

मुलांनो, ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आंध्रच्या सीमेवर, भैंशाकडच्या एका लहान दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. माणूस घाबरला की रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढतं. ते ओळखणारी जणू कुलपं पेशींवर असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. गरोदरपणात पांढऱ्या पेशींवरची ही कुलपं वाढतात की कमी होतात, हे आमच्या डॉक्टर मॅडमना पाहायचं होतं. पण बाई घाबरलेली असली तर आकड्यात भीतीच मिसळते. म्हणून आधी विश्रांती. सुईसुद्धा हातात आधीच लावून ठेवायची.

“हिचं सॅम्पल नको,” मॅडम नाडी पाहून म्हणाल्या आणि ओपीडीत गेल्या.

सुनंदाचा चेहरा उतरला. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं.

“बाई, माह्या बाळाले काई झालं का?”

“बाळ ठीक आहे. तू एवढी आखडून का पडलीस?”

तिनं शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. तिथे सासू, गिरजाबाई, ताठ बसलेल्या.

“मोठ्या मानसापुढं पाय पसरून कशी पडू?” ती पुटपुटली.

मी चमकले. सोबत हवी म्हणून प्रत्येकीच्या सासूला त्या स्टुलावर मीच बसवत होते!

“गिरजाबाई, जरा बाहेर बसता?”

“काऊन? मी काय तिले खाऊन राह्यली?”

मी कारण सांगितलं. त्या उठल्या, पण बाहेर गेल्या नाहीत. खाटेवर चढून त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

“पड माये. मी सातव्यात कापूस येचत होती. मले कोनी पड म्हटलं नाई.”

हळूहळू सुनंदाचे पाय सरळ झाले. नाडी चौऱ्याऐंशीवर आली. मी सिरिंज आणली तेव्हा ती गाढ झोपली होती.

“उठवशीन तर पाह्य!” गिरजाबाई कुजबुजल्या.

न उठवताच रक्त घेतलं.

मॅडमना मी स्टुलाचं सांगितलं. आधीची सॅम्पल्सही सासूसमोरच घेतलेली, म्हणून टाकून द्यावी लागली.

“सगळी?”

“सगळी, मॅडम.”

बाळंतपणानंतरच्या, तुलनेसाठीच्या सॅम्पलला सुनंदा मुलीला घेऊन आली. गिरजाबाई न सांगता खाटेवर चढल्या. या वेळी मांडीवर नात होती.

नाडी मोजताना शेजारी कोण बसलंय तेही वहीत लिहावं, एवढं मी त्यातून शिकले.