मामांच्या हातची शेवटची पानं

मामांनी उभं आयुष्य वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधण्यात घालवलं आणि घरी कधी चार शब्द धड बोलले नाहीत. मामी म्हणायची, "हे दाभणानं तोंडही शिवून घेतात."

वाचनालय बंद पडलं तेव्हा मामांनी जुन्या साहसकथांची बारा पुस्तकं घरी आणली. मामी त्या पसाऱ्यावर खार खाऊन असायची, एकही कधी उघडलं नाही. मामा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा तिची नजर पार गेली, आणि डॉक्टरांनी तिच्यादेखतच सांगून टाकलं की फार दिवस नाहीत. तिनं मला बोलावून घेतलं. "अगं, तेवढी वाचून दाखव. ह्यांना माझ्याशी बोलायला फुरसत नव्हती असं काय होतं त्यांत, ते तरी कळू दे."

मी रोज दुपारी जाऊ लागले. खरं सांगते, आज ती पुस्तकं वाचवत नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नायक कड्याला लटकतो, बायका नुसत्या किंचाळतात आणि परक्या बेटावरचा प्रत्येक माणूस दुष्ट. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मामी म्हणायची, "नावं नंतर ठेव. आधी त्याला वर खेच." मग मी झक मारत पान उलटायचे. तो वाचला की नाही, हे मलाही हवंच असायचं.

अशा पुस्तकांचं शेवटचं पान सगळ्यात आधी गळतं. मामा दुसऱ्या प्रतीवरून ते हातानं उतरवून शिवून टाकायचे. दुसरी प्रत मिळाली नाही की शेवट स्वतःच लिहायचे. वाचनालयात हे सगळ्यांना माहीत होतं. मामीलाही माहीत असेल असं मी धरून चालले, तिथंच चुकले.

तिसऱ्या पुस्तकाच्या, मामांच्या अक्षरातल्या शेवटच्या पानावरही खजिना बुडाला, नायक घरी आला. दार उघडणाऱ्या बाईनं काही विचारलं नाही, त्याच्या पायांवर ऊन पाणी घातलं. त्याला खूप बोलायचं होतं, पण जमलं नाही.

"मामांचा नायक बघ, पुन्हा मुकाच!" मी हसून म्हणाले.

"मामांचा म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. "ऊन पाणी मी द्यायचे," मामी म्हणाली. "दिवसभर उभं राहून ह्यांचे पाय सुजायचे." आणि ती रडायला लागली. मलाही आवरेना.

त्यानंतर तिला कडे नकोत, बेटं नकोत. फक्त शेवटची पानं. एकेक पान ती दोन-दोनदा ऐकायची. बारावं मात्र तिनं राखून ठेवलं होतं. परवा म्हणाली, "आता वाच."

मी शेवटचं पान काढलं. त्यावर पेन्सिलीनं सरळ रेघा आखलेल्या होत्या. लिहिलेलं काहीच नव्हतं. मनातून काहीतरी रचून सांगावं असं वाटलं, पण जीभ रेटेना. "मामी, नुसत्या रेघा आहेत गं."

तिनं हात पुढे केला. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. त्या कागदावरून ती हळूहळू बोटं फिरवत राहिली.

"गेले त्या दुपारी पट्टी घेऊन बसले होते," ती म्हणाली. "रेघा मारून झाल्या, पेन हातात घेतलं. मीच ओरडले, ठेवा ते कागद, आधी जेवून घ्या. लगेच उठले बिचारे."